हलव्याचं बी

मी कारखान्यात होते तेवढ्या वर्षांत माझी एकही रंगीत साडी धड राहिली नाही. नवी साडी नेसून गेलं की आठ दिवसांत काठाला पांढरे ठिपके पडायचे आणि महिन्याभरात ते पदरापर्यंत चढायचे. आई त्या ठिपक्यांवर दोऱ्यानं बारीक फुलं भरून द्यायची. पुढं पुढं माझ्या साड्यांवर मूळच्या नक्षीपेक्षा आईची फुलंच जास्त झाली. बसमधल्या बायका विचारायच्या, "पातळ कुठनं घेतलंसा?" मी सांगायची, "ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यातनं." त्यावर त्या जरा सरकून बसायच्या, म्हणजे मला जागा चांगली ऐसपैस मिळायची.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. कारखाना कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीच्या बाजूला, फौंड्र्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी. पत्र्याच्या दोन शेड, एक चिमणी, एक विहीर आणि दारात एक शेवग्याचं झाड, त्याची पानं बारा महिने पिवळी. आमच्याकडं चुना कालवलेल्या दुधासारख्या पाण्यात क्लोरीन वायू सोडून पावडर तयार व्हायची. कागदोपत्री तिचं नाव कॅल्शियम हायपोक्लोराइट. विहिरीत टाकायला, दुधाची भांडी धुवायला, दवाखान्याची फरशी पुसायला ती लागायची. तिचा वास नाकात असा बसायचा की घरी जेवताना आमटीलाही तोच वास यायचा. मला तो कधी वाईट वाटला नाही. आजही कुठं पोहण्याच्या तलावाजवळून गेले की मी उगीच दोन मिनिटं थांबते.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. जैन शेतकरी घराणं, गावाकडं ऊस, शहरात गुळाचं दुकान. घरात पाणी फडक्यानं गाळून प्यायची रीत, त्यामुळं पाणी स्वच्छ करायच्या धंद्यात पडणं हे त्यांना धंदा बदलल्यासारखं वाटलंच नव्हतं. माणूस मऊ बोलायचा, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की सोडायचा नाही. त्या वर्षी त्यांनी दाणा डोक्यात घेतला होता.

पावडरीची रड अशी होती की ती उडायची. पोती भरणाऱ्या आमच्या सहा बायका तोंडाला फडकी बांधून बसायच्या तरी दिवसभर खोकायच्या. आणि कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की तीच पावडर पोत्यात दगड होऊन बसायची. एका ग्रामपंचायतीनं तर पोतं परत पाठवलं होतं, वर चिठ्ठी, की कुदळ सोबत पाठवावी. अण्णांना मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनात दाणेदार माल बघायला मिळाला. साबुदाण्याएवढा गोल दाणा. उडत नाही, दगड होत नाही, पाण्यात टाकला की गुमान विरघळतो. तिथनं ते एक छापील चित्र घेऊन आले. आडवा, जरा तिरका, फिरणारा ड्रम. आत बारीक पावडर खालीवर होत राहणार, तिच्यावर त्याच मालाच्या ओल्या लगद्याचा फवारा पडणार, मागनं गरम हवा येणार. फवाऱ्याचा थर कणावर बसून वाळला की त्याच्यावर दुसरा थर. असं करत करत दाणा मोठा व्हायचा.

ते एक चित्र बघून आमच्या फोरमननं ड्रम उभा केला. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. उद्यमनगरात ऑइल इंजिनं खोलण्यात त्याची उमर गेली होती आणि मशिन म्हणजे आपल्याच घरातलं जनावर, अशी त्याची समजूत होती. ड्रम झालाही देखणा. फक्त त्यातनं दाणा पडत नव्हता.

मी होते प्रयोगशाळेत. बी.एस्सी. केमिस्ट्री झाले तेव्हा नात्यातल्या सगळ्यांनी शाळेत लाग म्हणून सांगितलं, म्हणून मी शाळेत लागले नाही. अण्णांनी मला घेतलं ते एवढ्याचसाठी, की मुलगी आहे, बसून काम करील. शेडच्या कोपऱ्यात एक खिडकी, एक टेबल, थेंब मोजायच्या चार ब्युरेटी. मालात क्लोरीनचा जोर किती आहे ते काढायचं आणि वहीत लिहायचं. दोन महिन्यांत मला त्या खिडकीचा वीट आला. समोर ड्रम फिरतोय, आत काहीतरी बिनसतंय, आणि मी इथं थेंब मोजत बसलेय! एक दिवस मी उठून ड्रमपाशी जाऊन उभी राहिले. मिस्त्री म्हणाला, "बाई, हे बाईमाणसाचं काम न्हवं. साडी अडकंल." मी पदर खोचला आणि म्हटलं, "साडी माझी आहे, अडकली तर मी बघीन." माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. अण्णा लांबून बघत होते. ते म्हणाले, "उभ्या ऱ्हाऊ द्या मिस्त्री. शिकलेल्या हायती." अशी मी ड्रमवर आले.

तिथं आल्यावर कळलं की मिस्त्रीचं काही चुकत नव्हतं आणि बरोबरही काही येत नव्हतं. फवारा जोरात सोडला की आत लाडू वळायचे, नारळाएवढे, आणि ड्रमच्या पत्र्याला चिकटून बसायचे. फवारा कमी करून हवा तापवली की नुसता भुगा. हवा आणखी तापवली की दाणा छान दिसायचा, पण टेबलावर तपासला तर त्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला. आम्ही रोज सकाळी ड्रम सुरू करायचो आणि रोज दुपारी आत शिरून छिन्नीनं लाडू फोडायचो. बायका हसायच्या. "मिस्त्री, आज लाडू कुणाच्या बारशाचे?"

एकदा मिस्त्रीनं बेअरिंग पुसलेलं तेलाचं फडकं मालाच्या पिंपावर ठेवलं आणि जेवायला गेला. आम्ही परत आलो तर फडक्यातनं धूर निघत होता, बघता बघता ते पेटलं. मी ते पिंप लाथेनं ढकलून उघड्यावर काढलं. आमच्या मालाचा हाच वाईट गुण. पाण्यात तो गरीब, पण तेल, साखर, गूळ, कागद यांच्याशी त्याचं उभं वैर. त्यांच्यावर पडला की तापतो, आणि तापला की आग. दुसऱ्या दिवशी मी स्वतः दारावर पाटी रंगवून लावली: तेल, साखर, गूळ, तंबाखू आत आणू नये. तंबाखूवरनं मिस्त्री माझ्याशी चार दिवस बोलला नाही.

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा अण्णांनी आम्हाला बोलावलं. एका दूध डेअरीचा माणूस संक्रांतीनंतर माल बघायला येणार होता. भांडी धुवायला त्यांना दाणाच हवा होता. "तवर झाला तर झाला," अण्णा म्हणाले. "न्हाई तर ड्रम खतवाल्याला देऊन टाकतो. त्यो मागाय लागलाय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचं टेबल हायच." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेबल आहेच! मला ते टेबल नको होतं. मला तो ड्रम हवा होता, इतका की रात्री डोळे मिटले तरी तो फिरताना दिसायचा.

आता आईचं सांगायला हवं, कारण आमच्या घरी तेव्हा दुसराच ड्रम फिरत होता.

आई आमच्या पेठेत हलव्यासाठी प्रसिद्ध होती. संक्रांतीचा काटेरी हलवा. ज्या घरात नवी सून किंवा पहिल्या संक्रांतीचं बाळ असेल त्या घरच्या हलव्याच्या दागिन्यांना हलवा आमच्याकडनं जायचा. पौषातल्या थंडीत ती पहाटे शेगडी पेटवायची, निखाऱ्यांवर राख पसरायची आणि वर कल्हईची परात ठेवायची. परातीत तीळ किंवा खसखस. बाजूला वाटीत पाक. चमच्यानं थोडासा पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ हलवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा थोडा. असं तीनचार दिवस. बोटांची टोकं भाजून लाल व्हायची, पण उलथनं वापरलेलं तिला खपायचं नाही. "उलथन्याला काय कळतंय?" म्हणायची.

आणि तिची एक रीत होती. नव्या हलव्याची सुरुवात ती नुसत्या तिळांवर करत नसे. गेल्या वर्षीचा मूठभर हलवा डब्यात जपून ठेवलेला असायचा, तो आधी परातीत पडायचा. त्याला ती बी म्हणायची. गल्लीतली कुणी पोर शिकायला आली की आई तिला आपल्या डब्यातली एक मूठ द्यायची. त्या पोरीचा पहिला हलवा जमला की तिनं त्यातली मूठ आईच्या डब्यात आणून टाकायची, आणि चारचौघींत सांगायचं, ह्यांच्याकडनं शिकले. एवढीच फी. कितीतरी जणींची मूठ त्या डब्यात मिसळलेली होती. मी मात्र कधी शिकले नाही. मला त्यात रस नव्हता. आमचे वडील शाळेत गणित शिकवायचे, आणि घरात शहाणपण म्हणजे त्यांच्या कपाटातली पुस्तकं, असा माझा लहानपणापासूनचा हिशोब. आई करायची ते नुसतं काम.

अण्णांनी बोलावलं त्याच आठवड्यात एका सकाळी मी बसची वेळ होईपर्यंत तिच्याजवळ शेगडीची ऊब घेत बसले होते. डोक्यात ड्रम. ती पाकाचा चमचा सोडत होती, हलवत होती, आणि मग नुसतीच हलवत होती. मला तिच्या संथपणाचा राग आला.

"घाल की आता पुढचा चमचा," मी म्हटलं. "वाळलाय तो."

"न्हाई वाळला."

"दिसतोय की वाळलेला."

"दिसून काय करतीस? ऐक."

तिनं परात माझ्या कानाकडं जरा कलती केली. तीळ पत्र्यावरनं सरकले, दबका, मऊ आवाज आला. तिनं आणखी थोडा वेळ बोटं फिरवली आणि परात पुन्हा कलती केली. या वेळी आवाज खणखणीत होता. वाळूवर वाळू पडल्यासारखा.

"आता वाळला," ती म्हणाली आणि चमचा सोडला. "आदूगर घातला की चिकटून बसतात एकमेकांना. लई तापवलं की पाक करपतो. त्याला त्याच्या वेळंनं वाळू द्यायचं, न् मग द्यायचं. किती घाई करतीस तू प्रत्येकात!"

माझी बस चुकली. मी तशीच बसून राहिले आणि तिला विचारत सुटले. बी आधी गरम करतेस का? किती? पाक केवढा पातळ? मध्येच थांबलीस तर काय होतं? आई खूश झाली. तिला वाटलं, पोरगी शेवटी हलवा शिकायला बसली. तिनं डब्यातली मूठ काढून माझ्या ओंजळीत घातली. मी ती रुमालात बांधली, पुढच्या बसमध्ये खाऊन टाकली आणि विसरून गेले.

कारखान्यात गेल्यावर मी मिस्त्रीला सांगितलं, आज माझ्या पद्धतीनं. आधी नुसती पावडर फिरवून कोमट करायची. मग फवारा सोडायचा, थोडाच. मग बंद. मग नुसतं फिरू द्यायचं.

"बंद?" मिस्त्री म्हणाला. "आवो, मशिन हाय हे, चूल न्हवं. मशिन म्हंजे चालू ऱ्हायला पायजे."

"मशिन चालूच राहील. फवारा थांबेल."

"आन् परत कवा सोडायचा?"

"मी सांगेन तेव्हा."

मी ड्रमच्या पत्र्याला कान लावून उभी राहिले. माझ्या कानाची पाळी भाजली. आत लगदा लागलेली पावडर धप्प धप्प पडत होती. मग हळूहळू आवाज सुटा झाला. सुटा, आणि मग खणखणीत. मी हात वर केला, मिस्त्रीनं फवारा सोडला. असे आम्ही दिवसभर उभे होतो. पहिल्या दिवशी लाडू झाले नाहीत, एवढंच. तिसऱ्या दिवशी मोहरीएवढा दाणा आला. मग मी त्यातला बारीक दाणा चाळून बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पावडरीच्या जागी तोच आधी ड्रममध्ये घातला. आईचं बी. आठवड्यानं साबुदाण्याएवढे गोल, पांढरे, एकसारखे दाणे चाळणीवर नाचायला लागले. टेबलावर तपासले, जोर सगळा जागच्या जागी. चाळणीवरच्या बायकांनी तोंडाची फडकी सोडली. खोकला नाही! मिस्त्रीनं एक दाणा उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही खरंच लई शिकला." डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ते क्लोरीनचं नव्हतं.

अण्णा धावत आले. हातावर दाणे घेऊन बघत राहिले. मग विचारलं, "हे थांबून थांबून सोडायचं कुठं मिळालं तुम्हाला?"

मिस्त्री शेजारी उभा होता. सहा बायका उभ्या होत्या. मी तोंड उघडलं, आणि मला मिस्त्रीचं ते वाक्य ऐकू आलं, बाईमाणसाचं काम न्हवं. आई हलवा करते त्यावरनं सुचलं म्हटलं तर काय होईल, ते मला लख्ख दिसलं. सगळे हसतील. मग चहाही बाईंनीच करावा म्हणतील. पदर खोचून मिळवलेली जागा एका परातीपायी जाईल.

"पुस्तकात वाचलं," मी म्हटलं. "इंग्रजी पुस्तक आहे."

"वा!" अण्णा म्हणाले. त्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत सुटले, आमच्या बाईंनी इंग्रजी पुस्तकातनं काढलं. मी मान खाली घालून ऐकायची. लोकांना तो विनय वाटायचा.

डेअरीचा माणूस संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी यायचा होता. अण्णांनी ठरवलं की संक्रांतीला ड्रम चालू ठेवायचा आणि सगळ्यांच्या घरच्यांना तिळगुळाला बोलवायचं. तिळगूळ अर्थात शेडच्या बाहेर, पाटी लावलेली होती. मी आईला सांगितलं नव्हतं. अण्णांनीच वडिलांच्या शाळेत निरोप धाडला. वडिलांना कणकण होती, म्हणून आई एकटीच आली. काळी चंद्रकळा नेसून, अंबाड्यात शेवंती, हातात स्टीलचा डबा. तिला फाटकातून येताना बघून मी पुढं झालेच नाही. वास्तविक मला आनंद व्हायला हवा होता. इतक्या महिन्यांत तिनं माझी कामाची जागा कधी बघितली नव्हती.

अण्णा तिला हात जोडून सामोरे गेले. "या आक्का, या. तुमच्या लेकीनं नाव काढलं. इंग्रजी पुस्तक वाचून केलं बघा सगळं."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी शेवग्याच्या झाडाकडं बघितलं.

"व्हय," आई म्हणाली. "ल्हानपणापासनं वाचायचा नाद हाय तिला."

मग अण्णा तिला शेडमध्ये घेऊन गेले, मागोमाग बाकीचे. डबा तिच्या हातातच होता. स्टीलच्या डब्यात काय आहे ते कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मी फक्त तिच्या तोंडाकडं बघत होते, ती काय बोलेल या धास्तीनं. ती ड्रमच्या तोंडापाशी उभी राहिली. आत पांढरे दाणे वर चढत होते, घसरत होते, फवारा पडत होता, थांबत होता. मिस्त्री तिला समजावायला लागला, पण ती ऐकत नव्हती. ती ड्रमचा आवाज ऐकत होती. मान जराशी कलती, डोळे अर्धे मिटलेले. मिस्त्रीचा हात फवाऱ्याच्या कळीवर जायच्या आधी तिची मान हलली. तिला कळलं होतं, आता. तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद आला की मी तो पुढं कधी बघितला नाही. तिला सगळं ओळखू आलं होतं.

तिनं डब्याचं झाकण काढलं, मूठ भरली आणि ड्रमच्या तोंडाकडं हात नेला. तिच्या हिशोबानं बरोबरच होतं. नवी परात, लेकीची. तिच्यात आपलं बी पडायला नको?

साखर! नुसती साखर!

मी किंचाळले. मधल्या दोन बायकांना ढकलून मी तिचं मनगट धरलं आणि इतक्या जोरात ओढलं की बांगड्या फुटल्या. हलवा फरशीवर सांडला. "आई! ही काय तुझी परात आहे? हिच्यात साखर चालत नाही! पेट घेईल सगळं! तुझ्या परातीवरनं केलं म्हणून काय तुझी परात झाली ही?"

ड्रम फिरत होता. बाकी सगळं थांबलं होतं.

मी काय बोलले ते मला बोलून झाल्यावर ऐकू आलं. मिस्त्रीनं एकदा आईकडं, एकदा फरशीवरच्या हलव्याकडं, एकदा ड्रमकडं बघितलं. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. चाळणीवरची थोरली बाई वाकली, एक दाणा उचलला आणि म्हणाली, "तरीच. आमी म्हणतच हुतो की. घरात हलवा करतात तसंच चाललंय ह्यांचं. म्हटलं, इंग्रजीत बी आसंल." आणि ती हसली. वाईट नाही, आपल्या माणसाला हसतात तशी हसली. मग सगळ्याच हसल्या. मिस्त्री आईपुढं आला आणि म्हणाला, "आक्का, किती महिनं छिन्नी मारली मी. तुम्ही आदूगर का न्हाई आला?" म्हणजे कुणी मला चहा करायला सांगणार नव्हतं. ज्या हसण्याला मी भ्याले होते, ते कुणी हसलंच नाही.

मी फरशी झाडली, एकेक दाणा वेचून बाहेर नेला. आई बाहेर दगडावर बसून मनगटावरचं रक्त पदरानं पुसत होती. पाटीवरचं साखर हा शब्द तिनं वाचला आणि नुसती मान हलवली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. रिकामा डबा मांडीवर. टेंबलाईची टेकडी मागं पडली. मग तिनं बाहेरच बघत विचारलं, "सगळं पेटलं असतं?"

"हो."

"मी, तू, त्या बायका?"

"हो, आई."

"मग वरडलीस ते बरं केलंस." पुढं म्हणाली, "पुस्तक म्हणालीस, ते न्हाई बरं केलंस."

मला रडू आलं. बसमध्ये, लोकांत, ठिपक्यांच्या साडीचा पदर तोंडात कोंबून मी रडले. तिनं मला गप्प केलं नाही. रडू दिलं.

डेअरीच्या माणसानं दुसऱ्या दिवशी माल पसंत केला. अण्णांनी त्याला सगळं रीतसर सांगितलं, बाईंच्या आईच्या हलव्यावरनं वगैरे, आणि त्या माणसाला आपली थट्टा चाललीय असं वाटलं. कामगार त्या ड्रमला परातच म्हणायला लागले. "परात चालू करा," "परातीचं बेअरिंग गेलं." पुढं दहाएक वर्षांनी अण्णांच्या मुलांनी कारखाना विकला, तेव्हा घेणाऱ्यांना या नावाचा अर्थ लागला नाही.

पण मला सांगायचंय ते त्या संक्रांतीच्या आठवड्यातलं. पहिल्या चांगल्या मालातली मूठभर दाणेदार पांढरी रास मी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटलीत भरली, बूच घट्ट बसवलं आणि घरी आणली. आई संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बघत होती, गल्लीतल्या चारपाच जणी मदतीला आलेल्या. मी त्या सगळ्यांदेखत बाटली तिच्यापुढं ठेवली.

"ही मूठ," मी म्हटलं. "तुझ्याकडनं शिकले."

बायका बघत राहिल्या. आईनं बाटली उचलली, उजेडात धरली, फिरवून फिरवून बघितली.

"काटा न्हाई आला ह्याला," ती म्हणाली.

"काटा नकोच असतो गं याला."

"डब्यात टाकू नको म्हंजे?"

"अजिबात नको. साखरेपासनं लांब ठेव. फडताळात वेगळी."

तिनं मान हलवली. बोटं लावायची सोय नव्हती, हे तिला कळलं होतं. तिनं बाटली कानाशी नेली, हळूच हलवली, आणि डोळे मिटून ऐकत राहिली. मी लहानपणी परीक्षेच्या निकालाला उभी राहायची तशी तिच्यापुढं उभी होते.

"वाजतोय," आई म्हणाली. "झालाय गं तुझा."